तेवीस

घोरणं चालू असलं की मी निवांत असायचे.
भीती ते थांबल्यावर.
एक, दोन, सात, अकरा…
तेविसाच्या आसपास घसा फाटल्यासारखा उघडायचा
आणि हे परत यायचे, झोपेतच.
कुठं जाऊन आले ते यांना ठाऊक नसायचं.
एकवीस वर्षं मोजलं.
पलीकडच्या खोलीत सुनेला वाटायचं, सासूबाई जप करतात.

मग जिंतूर डेपोची गाडी घेऊन निघालेले हे
बोरीच्या पुढं, भर दुपारी, स्टिअरिंगवर डुलले.
कंडक्टर ओरडला
म्हणून त्या रात्री चाळीस माणसं आपापल्या घरी जेवली.
हे जेवले नाहीत.

परभणीला अंगभर वायरी लावून झोपवलं.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, श्वास थांबतो तासाला एक्केचाळीस वेळा.
माझे चौतीसच भरायचे.
मधूनमधून मलाही डुलकी लागत असणार.

मशीन घरी आलं. उशाला स्टुलावर ठेवलं.
नळी, मास्क, डोक्यामागून पट्टा.
नातू टाळ्या पिटत म्हणाला, आबा हत्ती झाले.
तिसऱ्या रात्री मास्क खाटेखाली.
"काहून काढला?"
"जीव घाबरायलाय. कुणीतरी सारखं तोंडावर फुंकायलंय."
मी भांडले, रडले, त्या चाळीस माणसांची आठवण दिली.
चौथ्या रात्रीही खाटेखालीच.

इर्शाद आला मोटारसायकलवर, कंपनीचा पोरगा.
मशीनमधलं कार्ड काढून बघितलं:
एक तास बारा मिनिटं.
यांना काही बोलला नाही. मलाच विचारलं,
"काकू, तुम्ही कधी घालून बघितलाय का?"

दुसऱ्या दिवशी हे डेपोत गेल्यावर
(आता टेबलावर बसवलंय, तिकिटांचे हिशेब)
मी दाराला कडी घातली आणि घातला.
वारं थेट आत.
बोलायला तोंड उघडलं तर
शब्दाच्या आधी वारंच बाहेर.
चाळीस सेकंद टिकले.
त्या रात्री भांडले नाही.

मग इर्शादनं सांगितलं तसं:
झोपायचं नाही, नुसतं बसायचं.
टीव्हीवर कबड्डी, मास्क हातानं नाकाशी धरलेला,
पट्टा बांधायचा नाही.
पहिल्या दिवशी अर्धा सामना.
आठवड्यानं पुरा सामना, आणि बक्षीस वाटपसुद्धा.
मिशीतून वारं शीळ घालत सुटायचं.
तीस वर्षांची मिशी!
इर्शाद म्हणाला, मिशी राहू द्या काका,
आणि नाकपुड्यांत बसणारी दोन मऊ बोंडं घेऊन आला.

मशीनला पाणी लागतं, तेही शुद्ध,
बॅटरीच्या दुकानातून कॅन आणावा लागतो.
"नळ नवव्या दिवशी, अन् तुमच्या वाऱ्याला इकतचं पाणी?"
शेजारची मथुराबाई.
म्हटलं, बाई, आपल्याकडं वाऱ्यालाही तहान लागते.

सगळं सरळ झालं असं नाही.
सेलूच्या लग्नाला मशीन नेलं नाही, लाजले.
सकाळी नवरीकडचे विचारत होते,
रात्रभर मांडवामागं ट्रॅक्टर कुणाचा चालू होता?
सर्दीत चार रात्री सुटल्या.
एकदा नुसताच राग आला म्हणून सुटली एक.
कार्डावर तीन तास, पाच, पुन्हा दोन, मग सहा.
मी आकडे कॅलेंडरवर लिहिते,
दुधाच्या हिशेबाखाली.

परवा रात्री लाईट गेली.
मला पत्ताच नाही.
सकाळी चहा पिताना हेच म्हणाले,
"वारं गेलं अन् जागच आली.
लाईट येईस्तोवर बसून होतो खाटेवर."
"मला उठवायचं की."
"काय उठवावं? मस्त घोरायलीस तू."
मी कप खाली ठेवला.
"मग, मोजलंत का?"
"थांबतच नव्हतीस," म्हणाले, "मोजावं काय?"